कट्ट वाजणारा मका

ताईस धाकट्या भावाचा नमस्कार,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला नवं तेल लागू पडलं हे वाचून बरं वाटलं. माझ्या नव्या कवळीची चौकशी केलीस, तर ती झकास बसली आहे. शेंगदाण्यालाही भीत नाही. बाकी आम्ही दोघं ठीक. ठीक नाही ते एकच, आणि ते तुझ्याच पोटी जन्मलेलं आहे.

तुझी लेक शेतीचं शिकून आली आहे, माझ्या मक्यावर नजर ठेवेल, असं तूच लिहिलंस म्हणून मी तिला बोलावलं. नजर म्हणजे एकदा बघेल आणि चहा पिऊन जाईल, असा माझा भाबडा समज. बाईसाहेब सतरा दिवस राहिल्या. रोज दव सुकलं की वही आणि दाण्यातला ओलावा मोजायचं यंत्र घेऊन रानात. पाच जागची पाच कणसं. (बांधाकडची चालत नाहीत, ती वारा खातात आणि खोटं बोलतात, म्हणे. माझी कणसं खोटारडी!) पहिल्या दिवशी आकडा अठ्ठावीस, मग साडेसत्तावीस, मग परत साडेसत्तावीस, आणि दरवेळी चेहरा असा की मक्याला मुलगा झाला. त्यावर कडी म्हणजे ताटं ढकलणं. दहा मोजायची, एकेकाला धक्का मारायचा आणि किती कोलमडतात ते लिहायचं. चाळीस वर्षं मका लावतो आहे, पण उभ्या पिकाशी धक्काबुक्की करायची बुद्धी मला कधी झाली नाही. दोन ताटं आडवी झाली, तर म्हणे बाकीची खोडं मजबूत आहेत, पीक उभं राहील, काळजीचं कारण नाही. पाडली हिने, काळजी कशाला वाटेल?

सतराव्या दिवशी शेजाऱ्याचं रान कापून झालं. कापणीचं यंत्र दुसऱ्या दिवशी पुढे जाणार आणि पंधरा दिवस फिरकणार नाही. ही म्हणते, "मामा, अजून बावीस आहे. वरून वाळलाय, आतून ओला आहे. आत्ता कापलास तर ढिगात तापेल. यंत्र परत येईपर्यंत थांब." वर्षाचं पीक एका डबीच्या भरवशावर रानात सोडायचं! आपल्या वडिलांनी दाणा दाताखाली धरला, कट्ट वाजला की कापणी; दुसरं यंत्र त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांचा मका कधी नासला नाही. तिला पाच जागा हव्या होत्या ना, मी तिच्यासमोर पाचही जागचे दाणे चावले. पाच वेळा कट्ट! इतका खणखणीत आवाज मी तरुणपणीही ऐकला नव्हता. तर ही दाण्याकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघून हसली. वर म्हणाली, "मामा, साक्षीदार बदल." शिकलेल्या माणसांना सरळ बोलता येत नाही हेच खरं. मी चार शब्द सुनावले, तिने बॅग उचलली, आणि त्याच दुपारी मी रान कापून मोकळा झालो. आता घर कसं शांत आहे.

घरच्या सगळ्यांना आमची आठवण सांग.

तुझा, कुणाच्या आकड्यावर न चालणारा,
भाऊ

ता. क. सगळा मका गोदामात आहे. काल ढिगात हात घातला तर कोपरापर्यंत ऊब लागली. आंबूस वास येतो असं तुझी भावजय म्हणते. मला येत नाही. (मला नाक नाही असंही ही म्हणते.)

पुन्हा ता. क. तुझी लेक वही इथेच विसरली. शेवटच्या पानावर लिहिलं आहे, "मामा ऐकणार नाही. दाणे गरम लागले की लगेच ताडपत्रीवर पातळ पसरावेत, सारखे हलवावेत." तारीख कापणीच्या आदल्या दिवसाची. आगाऊपणा बघ. सकाळपासून आम्ही दोघं पसरतो आहोत, पण किती वाळला ते कळायला मार्ग नाही. तिला यंत्रासकट पहिल्या गाडीने पाठव. मी बोलावलं असं सांगू नकोस. मामीला करमत नाही म्हणावं. ताई, खरंच पाठव. पीक हातचं जाईल गं.

आणखी एक. ही शेजारी बसून पत्र वाचते आहे. म्हणते, चहा पितानासुद्धा तुमच्या तोंडात कट्ट वाजतं, हेही ताईंना कळवा. कळवलं.