तळघरातल्या सहा जोड्या

सेलराइन, शुक्रवार, १७ मार्च

प्रिय कोर्बिनियन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून दिलंस, तरी मी तुला बोल लावणार नाही. तुझी तीन पत्रं मी तशीच न उघडता चुलीत घातली होती. पण हे वाच. मंगळवारी दुपारी जे कळलं, त्यातून मी अजून सावरलेले नाही. काल बेकरीत एका बाईला तोच पाव मी दोनदा बांधून दिला. ती काहीतरी बोलली, ते मला ऐकूच आलं नाही. हात आपले काम करतायत, बाकी मी अजून तळघराच्या शेवटच्या पायरीवरच उभी आहे.

थेक्ला आता वीस वर्षांची झाली. बाप्तिस्म्याला तूच तिला हातावर घेतलं होतंस, म्हणून सांगते, पोरगी अगदी बापावर गेलीय. दोन हिवाळे तिने स्कीला हात लावला नाही. यंदा अचानक म्हणाली, "आई, ईस्टरच्या सुट्टीत चार दिवसांच्या डोंगरफेरीला जातेय. आणि मला बाबांच्या स्की हव्यात. नव्या नकोत." सेवेरिनला पुरलं त्याच दिवशी मी तळघराला कुलूप घातलं होतं. मंगळवारी मी तिला किल्ली दिली. तिचे बूट बापाच्या बुटांपेक्षा लहान, म्हणून बूट अडकवायची बाइंडिंग पुढे सरकवून द्यायला बचाव पथकातल्या काश्परला बोलावलं होतं. तो आपली अवजारं घेऊन जेवणानंतर आला.

त्या जोड्या तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पहिली जोडी तुम्ही दोघांनी मिळून घेतली होती, तीही कुणाची तरी वापरलेली. एक दिवस तू जायचास, एक दिवस तो, आणि ज्याची पाळी नसेल त्याने माझ्याशी गप्पा मारायच्या. अशानेच तर माझं लग्न जमलं. मग दर दोन-तीन वर्षांनी एक जोडी वाढत गेली. नोव्हेंबरात बर्फाखालून दगड डोकं वर काढतात, तेव्हा कितीही खरवडली तरी चालेल अशी ती जुनी जोडी, तिला तुम्ही 'दगडखाऊ' म्हणायचात. उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री गोठून सकाळी कडक झालेल्या बर्फासाठी अरुंद, धारदार 'सुया'. दिवसच्या दिवस पाठीवर ओझं घेऊन चढायला हलकी 'पिसं'. आणि कंबरभर भुसभुशीत ताज्या बर्फासाठी त्या रुंद 'होड्या', ज्या घरी आल्या त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नव्हते. "अरे, माणसाला पाय दोनच असतात," मी म्हणायची. तो म्हणायचा, "पाय दोनच गं, पण बर्फ छप्पन्न तऱ्हांचा." आणि तू स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून हसायचास, माझं खारवलेलं डुकराचं मांस खात.

सात खुंट्या, सात जोड्या. एक हिमलोटात त्याच्याबरोबर गेली आणि सापडली नाही. तेव्हा सहा असणार, हे मला माहीतच होतं. थेक्लाने दिवा लावला. मी पायरीवर उभी राहून सहज नजर फिरवली आणि दुसऱ्या खुंटीवर मला सुया दिसल्या.

कोर्बिनियन, दोन वर्षं मी त्या सुया बर्फाखाली आहेत असं धरून चालले होते. त्या सकाळी त्याने मला तसंच सांगितलं होतं. राईच्या पावाला लोणी लावत होता. मी विचारलं, "कुठे?" तर म्हणाला, "अगं, दक्षिणेच्या उतारावर. कडक बर्फ आहे, सुया घेतोय. अकराला खाली येतो, सूप ठेव." ज्या काळ्या घळीत तो गेला, तिचं नावसुद्धा नाही. थेक्ला चार वर्षांची असताना त्याच घळीने त्याला छातीपर्यंत गाडलं होतं आणि तूच त्याला उपसून काढलं होतंस. त्यानंतर त्याने मला शब्द दिला होता, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, की त्या घळीत पुन्हा पाय ठेवणार नाही. सोळा वर्षं मी त्या शब्दावर निर्धास्त झोपले.

रिकामी होती ती होड्यांची खुंटी. म्हणजे घरातून निघतानाच त्याला घळीतल्या ताज्या बर्फात जायचं होतं.

मी म्हटलं, "या इथे कशा?" थेक्लाला काही समजलं नाही. काश्परला समजलं. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला. तू तर जाणतोसच, बचाव पथकाबरोबर सगळ्यात आधी वर पोचला होता तो. मी त्याला विचारलं, "काश्पर, त्या दिवशी कोर्बिनियनच्या पायात कुठल्या स्की होत्या?" त्याने खुंटीवरच्या सुयांकडे बघितलं. मग म्हणाला, "अरुंद. मीच खाली आणल्या. घळीच्या तोंडापाशी बर्फात नीट उभ्या रोवलेल्या होत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे तो घळीत उतरलाच नव्हता, बुर्गी. सेवेरिन गाडला गेल्यावर चालत आत शिरला, खणायला. तसल्या ताज्या बर्फात तसल्या स्की घालून कुणी जात नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. पण पोलिसांना तोच म्हणाला, 'घळीत जायचं मीच सुचवलं.' जिवंत माणूस स्वतःहून दोष अंगावर घेतोय, तिथे मी काय बोलणार?"

थेक्ला जमिनीवरच बसली. मी वर आले, भट्टीतले पाव काढायची वेळ झाली होती म्हणून. ते कोळसा होईपर्यंत मी भट्टीसमोर उभी होते आणि मला वासही आला नाही.

मला राग यायला हवा ना? त्याचा. इतक्या सहज, लोणी लावता लावता. पण राग येतच नाही, नुसतं बधिर वाटतं. रागाची वाट बघत बसलेय आणि त्याच्याऐवजी पुन्हा पुन्हा ते थडगं दिसतंय. तुझ्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, उघड्या हातांनी खणून बोटांची टोकं गेली होती तुझी. तू माझ्याकडे आलास आणि मी अख्ख्या गावासमोर म्हणाले, "त्याला नेऊन मारलंस, आणि तू कसा परत आलास?" तेव्हा तोंड उघडून एकच वाक्य बोलायचं होतंस तू. का नाही बोललास? मला वाटतं, का ते मला ठाऊक आहे. माझ्याकडे त्याचा तो शब्द तरी राहावा म्हणून. तुझं पथक गेलं, घर गेलं, तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेलाही तू खोऱ्यात आला नाहीस. गाव तुला पाण्यात बघत होतं आणि त्या गावाच्या पुढे मी होते.

काल संध्याकाळी पथकाची बैठक होती. मी न बोलावता गेले. बियरचे पेले हातात धरून सगळे बघतच राहिले. काश्परला शेजारी उभं केलं आणि खुंटीपासून शब्दापर्यंत सगळं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बुर्गी, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." मी म्हटलं, "मी जिवंत माणसाबद्दल बोलतेय." एकेक जण टोपी उचलून बाहेर पडला. म्हातारा लेओपोल्ड मात्र माझ्यापाशी थांबला, म्हणाला, "मीसुद्धा रस्त्यात त्याची ओळख नाही दाखवली." आणि रडायला लागला.

माफी मागायला मी हे लिहायला बसले नाही. तेवढी माझी लायकी नाही आणि ती पत्रातून मागण्यासारखीही नाही. लिहिलं ते थेक्लासाठी. पुढच्या शनिवारच्या गाडीने ती ग्राझला तुझ्याकडे येतेय, मी अडवलं तरी थांबणारी नाही. बापाने शेवटचं काय म्हटलं, तू त्याला अडवलंस का, तो हसत गेला की चिडून, हे सगळं ती तुला विचारणार. आणि मी तुला ओळखते. तिचा चेहरा बघून तू पुन्हा काहीतरी चांगलंसं रचून सांगशील. तसं करू नकोस, कोर्बिनियन. माझ्याकरता तू एकदा खोटं बोललास, तिच्याकरता नको. जे घडलं ते जसंच्या तसं सांग, मग ते कितीही वाईट असो. मी तिच्याबरोबर येतेय. जिन्याखालीच थांबेन, वर बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर ती खाली येईपर्यंत तिथेच उभी असेन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
बुर्गी