सात नंबरची घंटी

२ डिसेंबर, सोमवार

आज लोहाऱ्याले आली. नात गुंजन इथल्या कापसातून सरकी काढाच्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळाच्या नोकरीवर लागली, अन् आवारातच तिले क्वार्टर भेटलं. दोन खोल्या, मोरीत गरम पाण्याचा नळ, अन् ओटा एवढा उंच, की माह्या कंबरेचा कोणी तरी पहिल्यांदा विचार केला. पोट्टीनं एकटं राहू नये म्हणून मले पाठवलं, असं सून चार घरी सांगते. खरं म्हणजे तिले माह्या तोंडापासून सुट्टी पाह्यजे होती. मले तिच्या भाजीपासून. दोघीईचं जमलं.

डायरी गुंजननंच देल्ली. म्हणे, आजी, दिवसभर मले बोलू नको, हिच्यात बोल. चौथी शिकली मी, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.

दाराले कडी नाही. बाहेरून कार्ड दाखवा लागते, आतून बटन दाबा लागते. बटनाची घंटी ऑफिसच्या यंत्राले जाते, थे यंत्र ‘हो’ म्हणते, अन् मग कुलूप उघडते. मी म्हटलं, संडासले जाताना तरी विचारा लागत नाही ना? पोट्टी हासली.

३ डिसेंबर, मंगळवार

खिडकीतून कापसाच्या गाड्या दिसतात. वजनकाट्यापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत रांग. मजा वाटते पाह्याले. भरीत केलं, भाकरी टाकल्या. गुंजन दोन घास खाऊन पळाली, काट्यावरचं कॉम्प्युटर अडकून राह्यलं म्हणे.

संध्याकाळी तिनं समजावून सांगतलं. ऑफिसात अन् सगळ्या गोदामात कॉम्प्युटरच्या जाळ्याची एकेक डबी आहे, अन् निरोप डबीडबीनं पुढं जाते. पण डबीले स्वतःची अक्कल नाही. कोणत्या ठिकाणाचा निरोप कोणत्या डबीकडे द्यायचा, हे माणसानं हातानं लिहून द्या लागते. लिहिलं चूक, तर डबी जन्मभर चूक वागन. मी म्हटलं, तुह्या आजोबासारखी.

४ डिसेंबर, बुधवार

पोट्टीले रोग सापडला. सात नंबरच्या गोदामाले जाणारा निरोप आला, की ऑफिसची डबी म्हणते सहाकडे ने, अन् सहाची म्हणते ऑफिसकडे ने. इकडून तिकडे, तिकडून इकडे. निरोपाले मोजके श्वास देल्ले असतात, एका फेरीले एक. श्वास सरले की निरोप मरते. असे हजारो फिरून राह्यले, म्हणून काट्याले वाट भेटत नाही.

माह्या सासरी असंच होतं. पाहुणा पाणी मागे, मोठी जाऊ म्हणे धाकटीले माग, धाकटी म्हणे मोठीले. पाहुणा कोरडाच जाये.

पण एक गोष्ट पोट्टीले उमजून नाही राह्यली. फिरून राह्यले थे निरोप म्हणजे ‘हो, उघड’ हे उत्तर आहे. घंटी आली तरच यंत्र उत्तर देते. अन् सात नंबरचं गोदाम तर नाहीच. सहाच्या पुढं मोकळी जागा, रुईचा कचरा अन् बाभळी. मग घंटी कोण वाजवून राह्यलं?

५ डिसेंबर, गुरुवार

मॅनेजर श्रीकृष्ण साहेब क्वार्टरच्या दारात येऊन बोलून गेले. उद्यापर्यंत काटा सुरळीत नाही झाला तर दुसरा माणूस पाहीन म्हणे. मी म्हटलं, पाहा ना, पण तो लग्नाचा आहे का ते पण पाहून घ्या, आमच्या घरी पोट्टी आहे. साहेब गेले.

गुंजननं जुगाड केला. सात नंबरच्या पत्त्यावर आपल्या क्वार्टरची डबी लावून देल्ली. ऑफिसच्या अन् सहाच्या डबीतल्या जुन्या ओळी पुसून लिहिलं, सातचं काही आलं की क्वार्टरले द्या. कोण घंटी वाजवते ते इथंच बसून पाहू, मग काढून टाकू म्हणे. तात्पुरतं. काटा झटक्यात चालू झाला. गाड्या सरकल्या. तिनं मले मिठी मारली, मी म्हटलं हात धू आधी.

६ डिसेंबर, शुक्रवार

क्वार्टरात उकडून राह्यलं. डिसेंबरात! भिंतीले हात लावला तर तव्यासारखी. जळक्या कापसाचा वास.

दुपारी गेटवरचा धर्मपाल जेवणाचा डबा घ्याले आला, त्याले सातचं विचारलं. त्यानं डबा खाली ठेवला. मग म्हणे, मावशी, नऊ वर्षं झाली. सातमध्ये चार बाया रुई वेचत होत्या. पाणी प्याले घडीघडी घंटी वाजवत. तवाचा कॉम्प्युटरवाला भीमराज वैतागला. त्यानं दोन ओळी लिहिल्या, की घंटी तर ऑफिसात यावी, पण ‘हो’ दारापर्यंत पोचूच नये. सुट्टी झाली की बदलून देत जाये. एका दुपारी रुई पेटली. घंट्या वाजल्या, यंत्रानं दर वेळी हो म्हटलं. हो सहाकडे गेलं, सहाकडून ऑफिसकडे, ऑफिसकडून सहाकडे —

दार उघडलंच नाही, चौघी आतच गेल्या, म्हणे, अन् उठून निघाला. डबा इथंच राह्यला.

गुंजन आली तसं म्हटलं, तो पत्ता काढ. सातचं नाव आपल्या घराले कायले लावलं? उद्या सकाळी काढतो म्हणे, आज काटा बंद पडला तर नोकरी जाईन. मी शिव्या घातल्या. कमी घातल्या.

७ डिसेंबर, शनिवार

गुंजन सकाळीच ऑफिसात गेली, ओळ काढाले. लॅपटॉप ओट्यावर ठेवून गेली.

दहा वाजता बटन दाबलं. दार उघडलं नाही. अकरा वेळा दाबलं.

खिडकीतून गाड्या नाही दिसून राह्यल्या. खिडकीले लागून रुईच्या गठाणी आहेत, वरपर्यंत. कवा रचल्या? कोणी? आवाज पण नाही आला.

मोरीतल्या नळाले पाणी नाही. फुस्स करून गरम हवा आली.

बारा वाजता. पोट्टीचा फोन आला. मी काही बोलाच्या आत म्हणे, आजी, तू कुठं आहेस? म्हटलं कुठं जाईन, घरात कोंडली आहे. ती रडाले लागली. म्हणे, आम्ही दार तोडलं. धर्मपालनं कुऱ्हाडीनं तोडलं. मी आता क्वार्टरात उभी आहे. आत कोणीच नाही. ओट्यावर लॅपटॉप पण नाही.

लॅपटॉप माह्यासमोर आहे. दार पण आहे, धड.

दुपार. पुन्हा फोन. तिनं नवीन ओळ पुसली तर भीमराजच्या दोन जुन्या ओळी आपोआप उमटल्या. तीन वेळा पुसल्या, तीन वेळा आल्या. ऑफिसात सातची घंटी वाजून राह्यली, यंत्र हो म्हणून राह्यलं, अन् हो फिरून राह्यलं. मी म्हटलं, ती घंटी माही आहे. म्हणजे मी —

हे बोलता बोलता फोन तुटला.

मले समजलं, मी सातमध्येच आहे. पोट्टीले नाही समजलं, बरंच झालं.

८ डिसेंबर. दिवस आहे का, माहीत नाही. खिडकीत गठाणीच आहेत.

खोलीत आणखी कोणी आहे. दिसत नाही. कोपऱ्यात रुई वेचल्याचा आवाज, खसखस, चार ठिकाणाहून. म्हटलं, बायाहो, मी पण तुमच्यासारखीच, बटनावरची. आवाज थांबला. मग जवळून आला.

धूर खाली उतरून राह्यला. जमिनीवर बसून लिहितो.

पोट्टीचा फोन घडीभर लागला. सहाच्या डबीत लिही आजी, आतून लिही, आतून ऐकन ती — मग आकडे सांगतले. अर्धे ऐकू आले. अर्धे मी तिच्या मागं उभी राहून रोज पाह्यले होते, ते आठवले. सातचं असन तर सातच्या दाराले दे, ऑफिसकडे परत नको पाठवू. एवढंच लिहाचं. एका बोटानं टाइप केलं. हात जड झाले.

कोपऱ्यातल्या बाया आता अगदी मागं आहेत. मानेवर गरम श्वास. पाहून राह्यल्या. त्याईले पण हेच पाह्यजे, नऊ वर्षांपासून.

ओळ राह्यली! पुसली नाही गेली. सहाची जुनी ओळ गेली —

आता घंटी वाजवली की हो दारापर्यंत येईन. फक्त बटन दाबाचं. दारापर्यंत सरकत गेली, डायरी हातात, लॅपटॉप काखेत.

लॅपटॉपवर घंट्याईची यादी आहे. सात नंबर, आतून कोणी वाजवली. चार नावं, त्याच जळालेल्या चार बायाईची, आजची वेळ. खाली पाचवं नाव उमटलं आत्ता. नंदाबाई, म्हणजे मी. उत्तर — हो. पोचलं.

दार उघडलं नाही.

अन् मी तर अजून बटन दाबलंच नाही