आधी लेकरांची चौकशी

प्रिय आई,

मी मजेत आहे. टेक्सासचं ऊनही आता अंगवळणी पडलंय. दवाखान्यासाठी स्पॅनिश शिकतेय. परवा तपासायला आलेल्या सत्तरीच्या एउलालियाबाईंना पाठ केलेले प्रश्न धडाधड विचारले: कुठे दुखतं? कधीपासून? त्या हसून म्हणाल्या, "काही नाही गं."

सोबतची नर्स ओफेलिया म्हणाली, "पोलिसासारखी काय विचारतेस? आधी लेकरांची चौकशी कर!"

केली. तीन मुली, सात नातवंडं सांगून झाल्यावर बाईंनी माझा हात धरून छातीवर ठेवला. "तीन दिवस दुखतंय गं." वेळेत कळलं, आता बऱ्या आहेत.

तूही फोनवर हसून "काही नाही गं"च म्हणतेस. म्हणून आधी सांग, तुझ्या कोंबड्या कशा आहेत? आणि मग सांग, जिना चढताना दम लागतो ना?

तुझी पोलीस लेक,
लॉरीन