सेंट ॲना शून्य, ड्रोक्राल चौदा

सेंट ॲना,
रविवार, १८ मे

चिरंजीव अँब्रोस, संपादक, ‘दी बर्गविंट’, यास मावशीचे आशीर्वाद. (आशीर्वाद भाच्याला आहेत. संपादकासाठी काय आहे ते पुढे वाचावं.)

गुरुवार, १५ मे रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बस ॲग्नेसच्या दुकानासमोर थांबली. ड्रायव्हरने तुझ्या साप्ताहिकाचा गठ्ठा पायरीवर टाकला आणि चार वाजून तेरा मिनिटांनी तुझ्या येरेमियासमामाने सातवं पान उघडलं. वेळ मी चर्चच्या घड्याळावर पाहिली आहे, तेव्हा तिच्याविषयी वाद नको.

पण रीत ती रीत. तुझी पाठ कशी आहे? वाकडं बसायची सवय तुला पहिलीपासूनची. मी तुझी मावशी होते तशीच तुझी पहिलीची बाईही होते, तुला अक्षरं मी शिकवली, आणि या गुरुवारपर्यंत मला त्याचा अभिमान होता. मार्लीनचा खोकला गेला का? तिला म्हणावं, रुइबोसच्या चहात मध घाल आणि रात्री खिडकी लाव. माझं म्हणशील तर गुडघे गेले आहेत, दात गेले आहेत, जीभ शाबूत आहे.

आता सातवं पान. पावसाचा तक्ता. त्यात तू छापलं आहेस: सेंट ॲना, शून्य. ड्रोक्राल, चौदा मिलिमीटर. अँब्रोस, १० तारखेच्या शनिवारी रात्रभर आमच्याकडे पाऊस झाला. रविवारी चर्चमध्ये मिसाला जाण्याआधी मी स्वतः पाऊसमापक पाहिला. चौदा मिलिमीटर. दोन वर्षांत एवढा पाऊस पाहिला नव्हता. मी तो मापक रिकामा करायच्या आधी क्रूसाची खूण केली. आणि वर डोंगरात, अठरा किलोमीटरवर, ड्रोक्रालला एक थेंब पडला नाही. तिथला फ्लोरिस दर रविवारी मिसाला खाली येतो आणि तिथल्या पावसाची चिठ्ठी मला देतो, कारण डोंगरात फोन लागत नाही. सोमवारी सकाळी साडेआठला मी दोन्ही गावांचे आकडे तुझ्या कचेरीत फोनवर सांगते. बावीस वर्षं सांगते आहे. हल्ली तिकडे जी मुलगी फोन घेते ती आकडे लिहिताना काहीतरी चघळत असते. (मला ऐकू येतं. दाढेखाली खडीसाखर असावी.) अशा तोंडातून निघालेल्या पावसाचं दुसरं काय होणार?

तुला वाटेल, दोन आकडे उलटे पडले, म्हातारी केवढी चिडली. तू शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगते. गावाच्या सामाईक रानात पहिल्या पावसानंतर मेंढरं कुठे न्यायची हे इथे कोणी आभाळाकडे बघून ठरवत नाही, तुझ्या सातव्या पानाकडे बघून ठरवतं. जिथे पाऊस तिथे चारा, आणि जो आधी पोचेल त्याचा तळ. माझ्या लहानपणापासून हेच चालत आलं आहे. मेंढपाळ बायकोवर विश्वास ठेवत नाही, पाद्र्यावर अर्धा ठेवतो, छापील आकड्यावर पूर्ण.

त्यातही तुझा मामा! ॲग्नेसच्या दुकानाच्या पायरीवर तो उभा होता, बूट घोट्यापर्यंत चिखलात माखलेले. बाकीच्यांनी तुझा पेपर पाहिला, मग त्याचे बूट पाहिले, आणि आपापल्या घरी गेले. हा मात्र म्हणतो, “उद्या पहाटे ड्रोक्रालला निघतो.”

मी म्हटलं, “येरेमियास, पाऊस इथे झालाय. मी मोजलाय.”

“तू मोजलास. त्यांनी छापलाय.”

“अरे, तुझ्या बुटांना काय लागलंय ते बघ की!”

त्याने बुटांकडे पाहिलं. मग मला जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते: “पोलोनिया, इथे एवढा चिखल झाला तरी त्यांच्या हिशेबी तो शून्य. मग विचार कर, ड्रोक्रालला चौदा म्हणजे काय झालं असेल!”

सिस्टर बेनेडिक्टांनी मला मठाच्या शाळेत लॅटिन शिकवलं, भूमिती शिकवली, रागाच्या वेळी दहापर्यंत मोजायला शिकवलं. मी चारपर्यंत मोजलं. त्यानंतर दोन-चार शब्द बोलले, ते इथे लिहीत नाही. ॲग्नेसने मात्र काउंटरमागे जाऊन रेडिओचा आवाज वाढवला.

शुक्रवारी पहाटे तो निघाला. गाभण मेंढ्या त्रेचाळीस, गाढवगाडीवर चटया, पिठाची पिशवी, कॉफीचं भांडं. वय एकोणऐंशी. माझ्या दारावरून गेला आणि मान वळवली नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी मी दर गुरुवारी भरून देते. या गुरुवारी भांडणाआधी दिली होती हे नशीब. त्यात येत्या शुक्रवारपर्यंतच्याच गोळ्या आहेत. त्यानंतर तो तिथे डोंगरात, तळाशी चिखल उरलेल्या विहिरीजवळ, आणि गोळ्या इथे माझ्या कपाटात.

आज मिसानंतर फ्लोरिस भेटला. त्याने टोपी हातात घेतली तेव्हाच मला कळलं. दोन कोकरं मेली. एक जन्मलं ते उठलंच नाही, दुसऱ्याच्या आईला दूध नव्हतं. गवताची काडी नाही. फ्लोरिसने त्याला सांगितलं, “येरेमियासकाका, मी इथेच राहतो. इथे पाऊस झालेला नाही.” तर तुझा मामा राखेवर भाजलेल्या पावाचा तुकडा मोडत म्हणाला, “झाला असेल रे. जमीन प्यायली असेल.” फ्लोरिस म्हणाला, पेपरात चूक झाली असेल. त्यावर तो म्हणाला, “चूक असेल तर पुढच्या अंकात छापतील. तोवर मी इथून हलत नाही.”

फ्लोरिस सांगत होता, संध्याकाळी तो मेलेल्या कोकरांजवळ बसला होता आणि पेपर त्याच्या मांडीवर घडी घालून ठेवलेला होता. काल त्याने कॉफीही घेतली नाही, पाणी मेंढ्यांना ठेवलं.

हे तुझं साप्ताहिक, अँब्रोस. आठ पानं. पहिल्या पानावर लाल मालमोटारीची जाहिरात, तिसऱ्यावर त्याच माणसाच्या भोपळ्याचा फोटो ज्याचा गेल्या वर्षी होता (भोपळाही मला तोच वाटतो), सहाव्यावर मृत्यूच्या सूचना, आणि सातव्यावर एक आकडा, ज्याच्यासाठी एक म्हातारा माणूस डोंगरात उपाशी बसतो. खोटं बोलणाऱ्याला निदान समोरच्याचे डोळे चुकवावे लागतात; छापणाऱ्याला तेही नाही, आणि वर प्रती निघतात. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, चूक करणं माणसाचं आहे, पण ती झाकणं सैतानाचं. तू झाकणार नाहीस अशी माझी अपेक्षा आहे.

तेव्हा येत्या गुरुवारच्या अंकात दुरुस्ती आली पाहिजे. सातव्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत नव्हे. शुक्रवारी सकाळी ॲग्नेसची लॉरी पीठ आणि पेपर घेऊन ड्रोक्रालला जाते. तिने तो अंक त्याच्या हातात द्यावा, आणि त्याने चष्मा न शोधता वाचावा, एवढी मोठी अक्षरं हवीत. हे पत्र उद्याच्या बसने पाठवते आहे. तुझ्या त्या मुलीला माझ्याकडून कडक शब्दांत समज दे.

तुझी मावशी,
अपोलोनिया बीउकेस
(सेवानिवृत्त मुख्याध्यापिका)

ता. क. – पुरावा म्हणून माझ्या वहीचं पान जोडणार होते. ते जोडत नाही.

ता. क. दुसरा – असं अर्धवट सोडणं बरं नाही, म्हणून लिहिते. दर आठवड्याला मी वहीत आधी आपला आकडा लिहिते आणि त्याखाली ड्रोक्रालचा. त्या रविवारी फ्लोरिस चिठ्ठी घेऊन समोरच उभा होता, म्हणून त्याचं शून्य वरच्या ओळीत लिहिलं, आपले चौदा खाली. सोमवारी फोनवर नेहमीच्या सवयीने वरची ओळ आपली म्हणून वाचली. अक्षर सुवाच्य आहे. दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नाही. आणि आता आठवलं, ती मुलगी विचारत होती, “मावशी, नक्की ना? सेंट ॲनाला शून्य?” मी तिला म्हटलं, “मुली, मी बावीस वर्षं मोजतेय. तू फक्त लिही.” तिला समज देऊ नकोस. तिला खडीसाखर लागते का ते विचार, मी इथून पाठवीन.

ता. क. तिसरा – मी येरेमियासला पायरीवर काय बोलले तेही आता सांगते, कारण ॲग्नेस कधीतरी सांगेलच. मी म्हणाले, “तुझ्या गाढवांना तुझ्याहून जास्त अक्कल आहे. जा वर, आणि परत येऊ नकोस.” शेवटचे तीन शब्द मी चार दिवस ऐकते आहे.

फ्लोरिसने तोंडी सांगून पाहिलं, त्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. आज मी स्वतः फ्लोरिसच्या गाडीतून जाणार होते, पण गुडघे वर चढू देत नाहीत, आणि माझ्या तोंडचं त्याला काही पटतही नाही. तेव्हा ती लाल मालमोटार एक आठवडा आत ने आणि पहिल्या पानावर चौकटीत हे छाप: “सेंट ॲना, चौदा. ड्रोक्राल, शून्य. आकडे अपोलोनिया बीउकेस हिने चुकीचे दिले. साप्ताहिकाचा यात दोष नाही. तिचं चुकलं.” शेवटचं वाक्य ठळक. त्याखाली: “येरेमियास, घरी ये.” तो आणि मी त्रेसष्ट वर्षं भांडतो आहोत आणि माझं चुकलं असं आजवर कुठेच छापून आलेलं नाही. ते वाचल्यावर तो मेंढ्यांच्याही पुढे धावत खाली येईल. मला ते तोंडावर वाचून दाखवायला तरी येईलच.

छापणार की नाही, ते मंगळवारी, २० मे, दुपारी बाराच्या आत लेखी कळव. बस ड्रायव्हरकडे चिठ्ठी दे. फोन करू नकोस. तोंडी सांगितलेल्यावर आपल्या घराण्यात कोणी विश्वास ठेवत नाही.