गोड बोलणारी बाई

दि. ४ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू फुटतं, मग तुम्हीही रडता, आणि बोलायचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. तुमचं कमरेचं हाड जुळेपर्यंत तुम्ही पलंगाला आणि मी या दवाखान्याच्या बाकाला जखडलेली.

शिडीवरून पडल्यावर यांच्या डोक्यात साकळलेलं रक्त काढलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर चढलेला ताप काही उतरेना. आता कळलं की मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू झाले आहेत आणि ते नेहमीच्या अँटिबायोटिक्सना मुळीच दाद देत नाहीत. प्रयोगशाळेत एकेक औषध घालून पाहिलं, तेव्हा एका जुन्या औषधाचा गुण दिसला, तेही मूत्रपिंडांना जाच करणारं. शिरेतून दिलेलं मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणून डोक्यात बारीक नळी बसवली आहे. डॉक्टरीणबाई रोज तिच्यातून थेट आत औषध सोडतात आणि काही वेळ नळी बंद ठेवतात. मी तेव्हा भिंतीकडे बघत उभी राहते.

इतरांना लागण होऊ नये म्हणून यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय. आत जाताना झगा, टोपी, मास्क, हातमोजे. डोळे तेवढे उघडे. यांची शुद्ध धड ना इकडे ना तिकडे. मला ओळखत नाहीत. नर्स समजून अहोजाहो करतात, हो! काल विचारत होते, की माझी बायको का येत नाही. मी हळूच सांगितलं, की मीच ती. तर म्हणाले, आजारी माणसाची थट्टा करू नये. बाहेर येऊन झगा काढला आणि नुसती बसून राहिले. फार थकलेय वन्सं.

औषधं वेळेवर घ्या. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
तोफ

दि. ८ मार्च

चि. सौ. तोफेस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी पडल्या पडल्या छताचे पोपडे मोजते आणि छत रंगवणारा भाऊ तिकडे झोपलाय म्हणून त्याला मनात शिव्या घालते. माझ्यावर डाफरायलाही इथे कोणी नाही.

त्याने तुला अहोजाहो केलं हे वाचून आधी हसले आणि मग उशी भिजवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात तुला हा मान पहिल्यांदाच मिळाला असेल. तू जेवतेस ना? बाकावर झोपू नकोस, पाठ धरते. तू आडवी झालीस तर आमच्या घराचं कठीण आहे. त्याच्या मूत्रपिंडांचं काय म्हणतात ते मात्र काही न लपवता कळव.

लोभ तरी वाढता ठेव, पगार काही कुणाचा वाढत नाही.

तुझी,
वन्सं

दि. १३ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

लपवू नको म्हणालात, म्हणून लिहिते. जंतू कमी झालेत पण गेलेले नाहीत. मूत्रपिंडं मात्र थकायला लागली आहेत. डॉक्टरीणबाईंच्या मते औषध आणखी चालू ठेवावं. उतार पडेल असं त्यांना वाटतं, पण खात्री देत नाहीत. घरच्यांनी विचार करून सोमवारी सांगा म्हणाल्या. घरचे म्हणजे मीच.

आणि काल दुपारी मी यांचे ओठ ओल्या कापसाने टिपत होते, तर यांनी हात धरला. हळूच म्हणाले, बाई, तुम्ही फार गोड बोलता म्हणून तुम्हालाच सांगतो, आता हे टोचणं बंद करायला सांगा. मला पुरे झालं. पण माझ्या बायकोला कळू देऊ नका, ती ऐकायची नाही.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आता ते मला परकी समजून बोलले ते खरं धरू, की तापातलं बरळणं समजू? त्यांचं ऐकलं तर ते जातील, नाही ऐकलं तर त्यांचे हाल मीच केले असं होईल. माझं डोकं चालेनासं झालंय. तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची,
तोफ

दि. १५ मार्च

चि. सौ. तोफेस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मास्तरांचा मुलगा तिकडेच निघालाय, त्याच्या हाती देते, म्हणजे सोमवारच्या आत मिळेल.

अगं वेडे, ज्याने तुझं नाव तोफ ठेवलं, त्याच्याशी तू गोड बोलतेस? त्याने जन्मात तुझा तो आवाज ऐकलेला नाही, तो ओळखणार कसा! दवाखाना आहे म्हणून दबकत असशील. दबकू नकोस. स्वयंपाकघराची भिंत अर्धी रंगवून ठेवलीय, त्यावरून झाड त्याला.

परक्या बाईपाशी तो मोकळं बोलला, कारण तिला दुखणार नव्हतं. हे त्याने तुला सांगायला हवं. तू तूच आहेस हे त्याला कळलं, की सरळ विचार. आणि तुला ओळखूनही तो नको म्हणाला, तर माझ्या भावाला आणखी टोचू देऊ नकोस. मी तुला कधी बोल लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही.

तुझी,
वन्सं

दि. २१ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी आत गेले, तर पुन्हा दबक्या आवाजातच हाक मारली. मग भिंत आठवली. गावाच्या भिंती रंगवता आणि घरची अर्धी टाकता, चारचौघांत लाज आणलीत, शिडीवर चप्पल घालून चढायला कुणी सांगितलं होतं, असं जे सुरू झाले! नर्स धावत आली, तिला वाटलं काहीतरी बरंवाईट झालं. यांनी डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, तोफ, किती उशीर केलास.

रडत रडतच विचारलं, औषध थांबवायचं का. म्हणाले, तू यायची थांबलीस असं वाटलं होतं, तेव्हा कशासाठी सोसायचं? तू येणार असशील तर चालू दे.

मी होकार कळवला. मेंदूभोवतीच्या पाण्याच्या कालच्या तपासणीत जंतू उगवले नाहीत. एवढ्यावर नाचू नका, औषध अजून द्यायचंय, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मूत्रपिंडंही जपायची आहेत. नाचायला अंगात त्राण कुठलं. खुर्चीतच झोप लागली.

आज यांनी विचारलं, की त्या नर्सबाईंनी तुला माझं बोलणं सांगितलं का. सांगितलं म्हटलं. मग म्हणाले, बरं झालं सांगितलं, मला तुझ्यासमोर धीर झाला नसता.

हाडाला जपा. आम्हा दोघांवर जीव असू द्या.

तुमची,
तोफ