दुर्मिळ दगडफूल आणि पैशाला पासरी बेडूक

३ जून
आजपासून रोज लिहिणार. संस्थेत कायम जागा एकच आणि दावेदार दोन. एक मी, अकरा वर्षं दगडफुलावर. दुसरी बेडूकबाई, जेमतेम दोन वर्षं बेडकांवर. माझं दगडफूल अख्ख्या जंगलात एकाच झाडावर आहे, करडं, नखाएवढं. तिचा बेडूक पैशाला पासरी. संचालकांनी दोघांच्या कामाची तुलना मागवली आहे. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे श्यामभटाची तट्टाणी. काळजी नाही.

५ जून
तक्ता करायला घेतला. हालचाल: बेडूक उड्या मारतो, दगडफूल मारत नाही. तिथे 'संयम' लिहिलं. आवाज: बेडूक कर्कश, दगडफूल मितभाषी. बायको वाचून म्हणाली, हे तुमचं दोघांचं वर्णन आहे का? तिला सायन्समध्ये गती नाही.

९ जून
संचालकांचा निरोप. जंगलात किती दिवस काढले तेही लिहा. उद्या पहाटे पाचला निघणार. आतपर्यंत. बूट दाराशी काढून ठेवलेत.

१० जून, सकाळी ९.४०
बुटाचा तळ सुटलाय.

११ जून
गुडघा.

१२ जून
फाटकापर्यंत गेलो. माझं झाड फाटकालाच लागून आहे. दगडफूल वर्षाला एक मिलिमीटर वाढतं. रोज बघायला जाणं म्हणजे शुद्ध उतावीळपणा.

१४ जून
बेडूकबाई भेटली. गुडघ्यापर्यंत चिखल, पायाला जळवा चावलेल्या. म्हणाली, सर, तुमच्या दगडफुलाचा फोटो द्या ना, आत कुठे दिसलं तर नोंदवून ठेवते. मला अकरा वर्षांत दिसलं नाही ते हिला दिसणार. मोठ्या मनाने दोन फोटो दिले.

२० जून
तक्ता पूर्ण. जंगलातले दिवस: तिचे चारशे बारा. माझ्यापुढे 'अखंड' लिहिलं.

२७ जून, दुपारी
बेडूकबाईने संचालकांसमोर नकाशा पसरला. माझं दगडफूल दोनशे सहा झाडांवर. फाटकापासून जसजसं आत जावं तसतसं जास्त. संचालकांनी विचारलं, अकरा वर्षांत आत गेलाच नाहीत? म्हटलं, नमुन्याला त्रास नको म्हणून. जागा तिला.

२७ जून, संध्याकाळी
ती बाहेर थांबली होती. म्हणाली, बरं झालं ना सर, आता ते नष्ट होण्याची भीती नाही. हो म्हणालो. म्हणताना कळलं की अकरा वर्षं मला ते वाढायला नकोच होतं. स्वतःची लाज वाटली.

२९ जून
माझा करार उद्या संपतो. बेडूकबाईने स्वतःहून विचारलं, सहा महिने बेडूक मोजायला येता का? अनुभवी माणसाची गरज सगळ्यांनाच पडते. तिच्यावर उपकार म्हणून हो म्हटलं.

१ जुलै
पहाटे पाचला गेलो. नवे बूट. वाटेत झाडाझाडावर माझं दगडफूल. बेडूक मोजले सात. परवापर्यंत ती मला सर म्हणायची. आज म्हणाली, काका, दमला असाल तर इथे टेका, मी पुढचे मोजून येते.
टेकलो.