धडधड कागदावर आली

मंगळवार, दिवेलागण. कुंडल

दुपारी भाकरी थापताना छाती पुन्हा धडधडायला लागली. सासूबाई लगेच दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन आल्या. मिरच्या जळेपर्यंत धडधड दर वेळी आपोआप थांबते. मग घरचे म्हणतात, गुण मिरच्यांचा, अन् मी भित्री, सोंग करणारी. डॉक्टर म्हणाले होते, धडधड चालू असतानाच या, तरच ईसीजीच्या पट्टीत सापडेल. आज मिरच्यांसाठी थांबलेच नाही, रिक्षा करून दवाखाना गाठला. पट्टीत ठोके मिनिटाला एकशे ऐंशी. हे भीतीनं नाही, हृदयाच्या वायरिंगमधलाच दोष आहे म्हणे, आणि त्यावर इलाज आहे. मग इतकी वर्षं मी ऐकून का घेतलं?

घरी सासूबाईंनी पट्टी उलटसुलट करून बघितली. "काय लिवलंय गं ह्यात?"

"मी खोटं बोलत न्हवते, ते लिवलंय, आत्याबाई."